कुलूप घालून विकलेला खेळ



कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात व्हिडिओ गेम हा विषय निघाला की काही चेहऱ्यांवर हसू उमटते. महागाई, कंत्राटी मजुरी, शेतमालाचे भाव असे प्रश्न दाराशी उभे असताना परदेशांतील सुखवस्तू मुलांच्या खेळण्यांची चिकित्सा कशासाठी, ही शंका गैर नव्हे. तिचे उत्तर एका लहानशा व्यवहारात दडलेले आहे. तेव्हा प्रथम तो व्यवहारच तपासला पाहिजे.

जपानमधील निंटेंडो कंपनीने २०११ साली 'द लेजंड ऑफ झेल्डा : स्कायवर्ड स्वोर्ड' हा खेळ बाजारात आणला. या खेळाचा नायक ढगांवरील वस्तीतून जमिनीवर उतरतो, तेथे भटकतो आणि पुन्हा वर जातो. वर जायचे तर ठरावीक जागी उभ्या असलेल्या पक्ष्याच्या पुतळ्यापर्यंत त्याला चालत यावे लागे. दहा वर्षांनी, जुलै २०२१ मध्ये, हाच खेळ चित्रे अधिक रेखीव करून पुन्हा विक्रीस काढण्यात आला. अमेरिकेत त्याची किंमत सुमारे ६० डॉलर होती. नव्या आवृत्तीत एक सोय घातली होती. जमिनीवर कोठेही असताना तत्काळ आकाशात जाता येई, आणि परतताना सोडलेल्या जागीच उतरता येई. मात्र ६० डॉलर मोजणाऱ्याला ही सोय मिळत नव्हती. तिच्यासाठी पक्ष्यासह उभ्या असलेल्या नायिकेची एक प्लास्टिकची बाहुली आणखी सुमारे २५ डॉलर देऊन विकत घ्यावी लागे. ती यंत्रावर टेकवली की वाट खुली होई.

आता या बाहुलीत काय असते ते पाहावे. 'अमिबो' या नावाने विकल्या जाणाऱ्या या बाहुल्यांच्या बैठकीत एक चिप बसविलेली असते. तिची स्मरणक्षमता अवघ्या अर्ध्या किलोबाइटच्या आसपास आहे. एका पोस्टकार्डावर मावेल एवढाच मजकूर तिच्यात राहतो. उघडच आहे की, आकाशात नेणारी ती सोय बाहुलीत नसते. ती खेळातच असते, म्हणजे गिऱ्हाइकाने अगोदरच पैसे देऊन घरी आणलेल्या वस्तूत असते. बाहुली फक्त ओळख पटविते आणि खेळ आपल्याच पोटातील दार उघडतो. २०१६ साली याच मालिकेतील 'ट्वायलाइट प्रिन्सेस' या जुन्या खेळाची नवी आवृत्ती निघाली, तेव्हा तिच्यातील एक संपूर्ण गुहा लांडग्याच्या बाहुलीमागे बंद होती. २०१७ च्या 'मेट्रॉइड : सॅमस रिटर्न्स' या खेळात सर्वांत अवघड पातळी अशीच एका बाहुलीमागे कोंडलेली होती.

विक्री म्हणजे मालकीचे हस्तांतर, असे बाजाराचे पाठ्यपुस्तक शिकविते. येथे घर विकले जाते, एक खोली कुलूपबंद ठेवली जाते आणि तिची किल्ली दुसऱ्या दुकानात वेगळ्या भावाने मांडली जाते. ती खोली बांधणाऱ्या प्रोग्रॅमरांचे श्रम एकदाच खर्ची पडलेले असतात. प्रत्येक नव्या प्रतीमागे तो भाग गिऱ्हाइकाच्या घरी पोहोचविण्यास कंपनीला काही वेगळे मोजावे लागत नाही. प्लास्टिक ओतण्याचा, रंगविण्याचा आणि वाहतुकीचा खर्च येतो तो बाहुलीवर. परंतु या विशिष्ट गिऱ्हाइकाला हवी असते ती सोय; म्हणजे मागणी एका वस्तूची आणि किंमत वसूल केली जाते दुसरीवर. मक्तेदारीच्या इतिहासात ही युक्ती नवी नाही. तिचे इतके नितळ उदाहरण मात्र क्वचितच सापडते.

वस्तूबरोबर दुसरी वस्तू जोडून विकण्याची प्रथा आपल्याकडेही परिचित आहे. च्युइंगमच्या वेष्टनात क्रिकेटपटूंची चित्रे मिळत आणि मुले ती जमवीत. पण चित्र न मिळाल्याने च्युइंगम अर्धवट राहत नसे. निंटेंडोची स्वतःची सुरुवात १८८९ साली क्योटो शहरात पत्ते बनविण्यापासून झाली. तिच्या त्या पत्त्यांच्या जोडातील एखादे पान वेगळे विकले असते, तर घेणाऱ्याने दुकानदाराची गचांडी धरली असती. याच कंपनीने २००१ साली जपानमध्ये आणि २००२ साली अमेरिकेत 'ई-रीडर' नावाचे उपकरण आणले. कार्डावर बारीक ठिपक्यांत छापलेली माहिती ते वाचत असे. २००३ साली निघालेल्या मारिओच्या एका खेळासाठी जादा टप्पे या कार्डांवरून विकले गेले. काही कार्डे अमेरिकेत विक्रीस आलीच नाहीत. ते सारे ३८ टप्पे अमेरिकेतील खेळाडूंना एकत्र मिळाले ते २०१६ साली, तोच खेळ दुसऱ्या यंत्रासाठी पुन्हा विकला गेला तेव्हा. तक्रारीला जागा होती. तथापि एक गोष्ट मान्य केली पाहिजे. त्या कार्डावर निदान माल तरी छापलेला होता. अमिबोच्या चिपमध्ये तोही उरला नाही.

या धंद्याला मोठे रूप दिले ते अमेरिकेतील ॲक्टिव्हिजन कंपनीने. तिचा 'स्कायलँडर्स' हा खेळ ऑक्टोबर २०११ मध्ये आला. सुमारे ७० डॉलरच्या खोक्यात खेळाची तबकडी, बाहुली ठेवण्याचा एक चमकता चौथरा आणि तीन बाहुल्या असत. चौथऱ्यावर बाहुली ठेवली की ती पडद्यावर जिवंत होई. मुलांना याची भुरळ पडली यात नवल नाही. कल्पना खरोखरच मोहक होती. पण हिशेब पाहावा. बाहुल्या आठ गटांत विभागलेल्या होत्या : जादू, पाणी, यंत्रविद्या, अग्नी, पृथ्वी, वायू, जीवन आणि मृतात्मे. खेळात जागोजाग अशी दारे होती की ती त्या त्या गटाच्या बाहुलीनेच उघडत. खोक्यातील तीन बाहुल्या तीन गटांच्या. उरलेल्या पाच गटांची दारे उघडायची तर सुमारे आठ डॉलरची एक याप्रमाणे किमान पाच बाहुल्या घ्याव्या लागत, म्हणजे आणखी ४० डॉलर. एकूण बाहुल्या ३२ होत्या. मुख्य कथा तीन बाहुल्यांवर पूर्ण करता येत असे, हे कंपनीच्या बाजूने सांगितले पाहिजे. मात्र बंद दार मुलाच्या डोळ्यांसमोर, त्याच्या गटाच्या चिन्हासह, उभे राही. शिवाय खेळात सापडणारी काही रत्ने उचलली की, घरी नसलेल्या बाहुलीच्या पराक्रमाचे दृश्य पडद्यावर दिसे. पैसे देऊन आणलेल्या खेळाच्या आतच पुढच्या खरेदीची जाहिरात बसविलेली होती, आणि तिचा प्रेक्षक होता आठ-दहा वर्षांचा. २०११ ते २०१६ या काळात दरवर्षी एक याप्रमाणे सहा खेळ निघाले. २०१५ पर्यंत एकूण विक्री तीन अब्ज डॉलरपलीकडे गेल्याचे कंपनीने जाहीर केले होते.

निंटेंडो या बाजारात उतरली ती अडचणीच्या काळात. तिच्या 'वी यू' या यंत्राला गिऱ्हाईक मिळेना. जानेवारी २०१४ मध्ये त्या वर्षाच्या विक्रीचा अंदाज ९० लाखांवरून २८ लाखांवर आणावा लागला आणि अध्यक्ष सातोरू इवाता यांनी काही महिन्यांसाठी स्वतःचे वेतन निम्मे केले. (भारतातील किती उद्योगपतींनी तोट्याच्या वर्षी हे केले, याची यादी करण्यास फार वेळ लागणार नाही.) यंत्र खपत नसेल तर ज्यांच्याकडे यंत्र आहे त्यांच्याकडूनच अधिक मिळविणे हा मार्ग उरतो. नोव्हेंबर २०१४ मध्ये सुमारे १३ डॉलर किमतीच्या अमिबो बाहुल्या अमेरिकेत आल्या. मार्च २०१५ अखेरपर्यंत त्या एक कोटी पाच लाखांच्या घरात खपल्या. पुढील आर्थिक वर्षात दोन कोटी ४७ लाख बाहुल्या आणि त्याच प्रकारची दोन कोटी ८९ लाख कार्डे विकली गेली.

याच पहिल्या हंगामात काही बाहुल्यांचा तुटवडा पडला, आणि त्याची हकिकत सविस्तर सांगण्यासारखी आहे. काही पात्रांच्या बाहुल्या पहिल्या खेपेनंतर पुन्हा येणार नाहीत, असे कंपनीने डिसेंबरमध्ये सांगितले. कारण दिले ते दुकानांच्या फळ्यांवरील अपुऱ्या जागेचे. त्यातच काही बाहुल्या विशिष्ट दुकानसाखळ्यांनाच बहाल करण्यात आल्या : लुकारिओ टॉइज 'आर' अस येथे, मेटा नाइट बेस्ट बाय येथे, शल्क गेमस्टॉप येथे, रोझालिना टार्गेट येथे. सर्व बाहुल्या हव्या असणाऱ्याला चार दुकानांच्या दारांत उभे राहणे भाग होते. साहजिकच साठेबाज पुढे सरसावले आणि १३ डॉलरची बाहुली कित्येक पटींनी विकू लागले. एका सॅमस बाहुलीला कारखान्यातील चुकीमुळे दोन्ही हातांना तोफा बसल्या होत्या. लिलावात तिची बोली अडीच हजार डॉलरपर्यंत चढली. ज्या हातांकडून ती चूक झाली, त्यांच्यापर्यंत या रकमेतील एक सेंटही पोहोचला नसणार.

त्याच सुमारास अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील २९ बंदरांत गोदी कामगारांचा तंटा चालू होता. आधीचा करार जुलै २०१४ मध्ये संपला होता. सुमारे २० हजार कामगारांच्या वतीने त्यांची संघटना आणि जहाज कंपन्यांची संघटना यांच्यात वाटाघाटी चालल्या होत्या. २० फेब्रुवारी २०१५ रोजी तात्पुरता समझोता झाला. तुटवड्याविषयी विचारणा झाली तेव्हा निंटेंडोकडून पुढे आलेल्या कारणांत या बंदरांतील खोळंब्याचाही उल्लेख होता. खोळंबा खरा होता, माल अडकला होता हेही खरे. परंतु फळीवरील जागा, एकेका साखळीला दिलेले हक्क आणि पुन्हा न बनविण्याचा निर्णय या तिन्ही गोष्टी गोदी कामगाराने ठरविल्या नव्हत्या. दुकानातून रिकाम्या हाताने परतलेल्या बापाच्या कानी मात्र संपाचे नाव सहज पडले. टंचाई ठरविणारा एक आणि तिचा दोष वाहणारा दुसरा, हा अनुभव गिरणगावात वाढलेल्या कोणालाही नवा वाटणार नाही.

कार्डांचा प्रकार तर आणखी विचार करण्याजोगा आहे. 'ॲनिमल क्रॉसिंग' या खेळासाठी २०१५ पासून निघालेली कार्डे बंद पाकिटात विकली जात. अमेरिकेत सहा डॉलरच्या पाकिटात सहा कार्डे असत. ती कोणती, हे पाकीट फाडल्यावरच कळे. पहिल्या चार मालिकांत मिळून ४०० कार्डे होती. हवे ते कार्ड मिळेपर्यंत पाकिटे घेत राहणे, याला सोडतीहून वेगळे नाव देणे अवघड आहे. खेळाच्या आत पैसे घेऊन दिल्या जाणाऱ्या अशाच बंद पेट्यांना बेल्जियमच्या जुगार आयोगाने २०१८ साली जुगार ठरविले. कागदाच्या पाकिटाचा विचार मात्र निराळा होतो. ते 'खेळणे' म्हणून गणले जाते. मार्च २०२१ मध्ये या खेळाच्या चाहत्यांसाठी जपानी सॅनरिओ कंपनीच्या पात्रांची सहा कार्डे अमेरिकेत एकाच साखळीतून विक्रीस आली. त्या पात्रांचे रहिवासी आणि त्यांचे सामानसुमान मिळविण्यास कार्डांवाचून दुसरा मार्ग नव्हता. साठा पाहता पाहता संपला आणि फेरविक्रेत्यांनी आपला भाव लावला. २०१५ साली 'डेस्टिनी' या खेळातील एक मोहीम रेड बुल या पेयाच्या डब्यावरील संकेतांकामागे ठेवण्यात आली होती, याचाही येथे ओझरता उल्लेख पुरे.

या साऱ्यावर कंपन्यांचे उत्तर ठरलेले आहे, आणि ते प्रामाणिकपणे ऐकून घेतले पाहिजे. बाहुली कोणावर लादलेली नाही. बहुतेक बाहुल्यांतून मिळते ते किरकोळ असते, एखादा पोशाख, थोडी नाणी. शिवाय बाहुली देखणी असते आणि खेळ जुना झाला तरी कपाटात राहते. अनेक चाहते कुलपांचा विचारही न करता ती शोभेसाठी घेतात. यात तथ्य आहे. कोणाला बाहुली आवडते म्हणून त्याला भांडवलशाहीचा बळी म्हणून हिणवणे हा कार्यकर्त्यांचा उद्योग नव्हे. आक्षेप बाहुलीवर नाही. ज्या वस्तूचे पूर्ण पैसे घेतले, तिचाच भाग अडवून ठेवण्याच्या अधिकारावर आहे. तो अधिकार कोणी दिला?

त्याचे उत्तर कायद्यात मिळते. अमिबोच्या चिपमधील मजकूर कसा लिहिला जातो हे हौशी लोकांनी लवकरच शोधून काढले, आणि तशाच कोऱ्या चिपांवर तो उतरवून घेण्याची रीत पडली. अशी चिप बाहुलीच्या किमतीच्या अगदी अल्पांशात मिळते. यात काय अपराध, असे सामान्य माणसाला वाटेल. दार आपल्या घरातले आणि किल्ली आपण घडविलेली. परंतु अमेरिकेच्या १९९८ च्या कायद्याने हक्कसंरक्षक कुलूप चुकविणे हेच स्वतंत्रपणे निषिद्ध केले आहे. भारतानेही २०१२ साली कॉपीराइट कायद्यात ६५अ हे कलम घातले. त्यात दोन वर्षांपर्यंतच्या कैदेची तरतूद आहे. मात्र हक्कभंगाचा हेतू असेल तरच ते लागू होते, हा फरक भारतीय कायद्यास शोभणारा आहे आणि तो टिकविला पाहिजे.

खेळण्यांच्या पलीकडे पाहिले म्हणजे या अधिकाराचे वजन ध्यानी येते. सप्टेंबर २०१७ मध्ये इर्मा हे चक्रीवादळ फ्लोरिडावर येऊन थडकले तेव्हा लोक मोटारींतून पळत होते. टेस्ला कंपनीच्या काही मोटारींत बसविलेली बॅटरी मोठी होती, परंतु स्वस्त प्रकार घेणाऱ्यासाठी तिचा काही भाग सॉफ्टवेअरने बंद ठेवलेला होता. कंपनीने दुरूनच तो भाग तात्पुरता खुला केला आणि मोटारी अधिक अंतर धावू लागल्या. पुष्कळांनी कंपनीच्या माणुसकीचे कौतुक केले. ती बॅटरी मालकाच्या मोटारीत, मालकाच्या इंधनखर्चाने, रोज वाहून नेली जात होती, हे कौतुकात मागे पडले. मुदत संपताच कुलूप पुन्हा लागले. बाहुली टेकवून दार उघडण्यात ज्यांचे बालपण गेले, त्या पिढीला यात काही वावगे वाटेनासे होईल, हीच खरी भीती.

आणि हे सारे बनविणाऱ्यांचे काय झाले? डिस्ने कंपनीने २०१३ साली 'डिस्ने इन्फिनिटी' हा असाच बाहुल्यांचा खेळ काढला. १० मे २०१६ रोजी तो बंद केल्याचे तिने जाहीर केले. १४ कोटी ७० लाख डॉलरचा बोजा हिशेबात दाखविण्यात आला. यूटा राज्यातील सॉल्ट लेक सिटी येथील ॲव्हलांच हा स्टुडिओ बंद झाला आणि सुमारे ३०० जणांची नोकरी गेली. लेगोचा तशाच धर्तीचा खेळ २०१५ साली तीन वर्षांच्या वायद्याने आला आणि २०१७ मध्ये गुंडाळला गेला. स्कायलँडर्सचा मोठा खेळही २०१६ नंतर निघाला नाही. बाहुल्यांच्या तळाशी बहुधा चीनचे नाव छापलेले असे. त्या ओतणाऱ्या आणि रंगविणाऱ्या कारखान्यांतील मजुरांची मागणी घटल्यावर काय गत झाली, याची नोंद कोणत्याही कंपनीच्या वार्षिक अहवालात नाही. सॉल्ट लेक सिटीतील तीनशेंचा आकडा निदान वृत्तपत्रांत तरी आला.

भारतात निंटेंडोच्या बाहुल्यांची बाजारपेठ नगण्य आहे. तथापि मोटारी, ट्रॅक्टर, पंप आणि मोबाइल यांत सॉफ्टवेअर शिरलेले आहे. केंद्र शासनाच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काविषयी समिती नेमली. शेतीची अवजारे, मोबाइल व इलेक्ट्रॉनिक वस्तू, टिकाऊ गृहोपयोगी वस्तू आणि मोटारी ही चार क्षेत्रे तिच्यापुढे होती. त्याच वर्षीच्या डिसेंबरात माहितीसाठी पोर्टलही सुरू झाले. बिघडलेली वस्तू दुरुस्त करण्याचा हक्क या चर्चेत आला. मुद्दाम बंद ठेवलेला भाग उघडण्याच्या हक्काला अद्याप नावही मिळालेले नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित व्यापारी प्रथेची व्याख्या आहे आणि वस्तूची माहिती मिळण्याचा हक्कही आहे. विकलेल्या वस्तूत काय काय आहे, त्यांपैकी काय बंद आहे, ते उघडण्यास एकूण किती मोजावे लागेल आणि कंपनीने गाशा गुंडाळल्यास ते आपोआप खुले होईल काय, एवढ्या चार गोष्टी खोक्यावर छापणे बंधनकारक करावे, अशी मागणी याच कायद्याच्या आधारे करता येईल. जिल्हा ग्राहक आयोगात असा अर्ज नेण्यास बाहुलीची गरज नाही; तालुक्यातील ट्रॅक्टर विक्रेत्याच्या दुकानात जाऊन, कोणती सुविधा यंत्रात असूनही जादा पैसे भरल्याशिवाय चालू होत नाही, एवढे लेखी विचारून आणले तरी सुरुवात होईल.